मल्लप्पाच्या खोलीचं इन्स्पेक्शन

२ जानेवारी १९३४, मंगळवार.
आजपासून शिस्त. होटगी स्टेशनात अठ्ठावीस वर्षं मालधक्का सांभाळला, एक भाडेकरू सांभाळता येऊ नये? परसातली खोली मल्लप्पा विणकराला दिली तेव्हाच बजावलं होतं: मागाचा खड्डा माझ्या जमिनीत खणायचा नाही. विणायचं ते दुसऱ्याच्या कारखान्यात. आणि आठवडाभर परसातून खटखट ऐकू येते आहे! खड्डा सापडला की त्याच दिवशी बाहेर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इन्स्पेक्शन. नवं रजिस्टर आणलं.

५ जानेवारी.
त्याच्या दारावर नोटीस चिकटवली: रविवारी नऊला इन्स्पेक्शन. न सांगता घुसणं हे चोरांचं काम. होटगीला साहेब यायचे तर दोन दिवस आधी तार यायची, मग आम्ही दगडांना चुना लावायचो. ही म्हणाली, नोटीस तर लावायलाच हवी. लग्नानंतर प्रथमच हिला माझं काही पटलं.

७ जानेवारी, रविवार.
नवं लाल काठाचं उपरणं घेऊन ठीक नऊला हजर. जमीन ताजी सारवलेली. कोपऱ्यात लाकडं बांधून ठेवलेली, सरपण, म्हणाला. मधोमध घोंगडीवर त्याची बायको ईरम्मा, सातवा महिना. उठू लागली, मीच नको म्हटलं. गरोदर बाईला उठवणं रूलमध्ये बसत नाही. शेरा: फ्लोर उत्तम. धाक म्हणतात तो हा.

९ जानेवारी.
पुन्हा खटखट. डोकं फिरलं. ही म्हणाली, शेजारी मसाला कुटताहेत. अख्ख्या साखर पेठेला पुरेल एवढा मसाला?

४ फेब्रुवारी, रविवार.
या वेळी नोटीस मोठ्या अक्षरात. शेरा: फ्लोर उत्तम. ईरम्मा त्याच घोंगडीवर, त्याच जागी. बिचारीला दुसरी जागा सुचत नाही. मल्लप्पाला माझं उपरणं दाखवून चांगला झापला. हिनं पेठेतून आणलंय, वीण बघ, काठ बघ, विणकर म्हणावा तर असा! तो खाली मान घालून म्हणाला, "व्हय मालक, बरं जमलंय." लाज वाटली असेल.

२८ फेब्रुवारी.
पहाटेपासून खटखट. जेवण गेलं नाही. मला वेडा समजतो काय हा माणूस? ठरलं. खड्डा सापडो न सापडो, पाडव्याच्या आत खोली खाली. बाळंतपण त्याच्या बायकोचं, घर माझं. हिला वाचून दाखवलं. उठून कामाला लागली. पटलं असावं.

१ मार्च, गुरुवार. दुपारी तीन.
रूल मोडला. खोली खाली करण्याची नोटीस घेऊन न सांगता थेट आत घुसलो.
खोलीच्या मधोमध खड्डा. खड्ड्यात पाय सोडून मल्लप्पा माग चालवतोय. ते सरपण म्हणजे माग! मागावर लाल काठाचं उपरणं, हुबेहूब माझ्या अंगावरचं. आणि भिंतीशी चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली बाई ईरम्मा नाही. आमची ही.
मी गरजणार होतो. ही उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "खड्डा म्याच खणायला सांगितला. तुमच्या तपासणीपायी माग सोडायचा, खड्डा झाकायचा, परत जोडायचा. दर महिन्याला त्याचं चार दिस बुडत्यात. ईरम्माचं दिस भरत आल्यात, तिला कांड्या भराय होत न्हाईत. म्हणून मी बसते. आता काडा की तिला भाईर."
कोपऱ्यात ईरम्मा पोट धरून बसली होती. माझ्याकडे बघत होती. नोटीस हातातच राहिली.

४ मार्च, रविवार.
काल ईरम्माला मुलगी झाली. आमच्या घरात, माझ्या कॉटवर. ही तिथेच, मला आत मज्जाव.
ठीक नऊला मल्लप्पाकडे हजर. रजिस्टर घेऊन गेलो होतो. पण कांड्या भरायला कुणीच नाही, माग थांबलेला. चरख्यासमोर बसलो. तीन कांड्या बिघडवल्या. मल्लप्पा खड्ड्यातूनच हळूच म्हणाला, "मालक, लई ताणू नका, सूत तुटतंय."
शेरा: फ्लोर पाहिला नाही. खाली मान घालून कांड्या भरत होतो.