हिरवे दिवस

भेस्तान, सुरत
४ एप्रिल २०२६

तीर्थरूप वाल्मिकदादास,
धाकट्या नूतनचा नमस्कार.

आम्ही सगळे इथे बरे आहोत. चिमीची चौथीची परीक्षा चालू आहे. जयश्रीवहिनीचा गुडघा कसा आहे? बांधावरच्या आंब्याला यंदा कैऱ्या धरल्या का?

पत्र बघून दचकू नकोस. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी इथे फोनवर बोलायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकवायचं. मालतीबाई गावाकडे निघाल्या आहेत, त्यांच्या हाती हे देते. मालतीबाई म्हणजे आपल्या दोंडाईच्याच्याच. आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत एकट्या राहतात, साड्यांना लेस लावतात. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते, त्यांच्याशिवाय हे पत्र पुरं व्हायचं नाही.

मी शर्यतीत उतरतेय हे गावात पोचलं असेलच. एका दिवसात आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि मधे बसायचं नाही. दोन किलोमीटर पोहणं, नव्वद सायकल, एकवीस धावणं. दक्षिणेत डोंगरातल्या एका थंड गावी मेच्या पहिल्या रविवारी आहे. सुरुवात झाली ती माझ्या कंबरेपासून. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून मी महापालिकेच्या तलावावर जायला लागले. तिथे महेश सर शिकवतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, भावानं पाठीला तेलाचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. ते खूप हसले आणि म्हणाले, त्या भावाला माझा नमस्कार सांगा. तो सांगायचा राहिला होता, आता पोचवते.

तुझ्या मेहुण्यांना तर उत्साहाचं भरतं आलंय. सायकल त्यांनी घेतली, मनगटावरचं घड्याळ त्यांनी घेतलं. मी किती धावले, किती पावलं टाकली, हे सगळं त्यांच्या मोबाइलवर उमटतं. मंडळाच्या लोकांनी चौकात माझा फलक लावलाय, "खान्देशची लोहकन्या". फोटोत माझं तोंड असं आलंय की लोहकन्येची दाढ दुखत असावी. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तिकडे बोट करून सांगतात, "ती मनी सून शे." मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

आता जरा अवघड गोष्ट लिहिते.

महेश सर महिन्याचा सराव आखून देतात. तुझ्या मेहुण्यांनी तो रंगवून फ्रिजवर चिकटवलाय. लाल चौकोन म्हणजे भरपूर कष्टाचा दिवस, पिवळा म्हणजे बेताचा, हिरवा म्हणजे आराम. सासूबाईंना अक्षरं येत नाहीत, पण रंग चांगले कळतात. लाल दिवशी मला कुणी हाक मारत नाही. मी सायकलवरून आले की दूध-खारीक तयार असते, कधीकधी सासूबाई स्वतः माझ्या पोटऱ्यांना तेल लावतात. आणि हिरवा दिवस उजाडला की सकाळीच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "आज हिरवं शे ना, पोरी? मंग तू मोकळीच शे."

झालं. गोधड्या हिरव्या दिवशी धुवायच्या. वर्षाचे गहू हिरव्या दिवशी निवडायचे. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं तर फ्रिज बघून. घरातच लेसपट्टीचा धंदा, बाजारातून घाईची ऑर्डर आली की तीही हिरव्या दिवसाच्या गळ्यात. मागच्या महिन्यात मी एका हिरव्या दिवशी इतकी दमले की दुसऱ्या दिवशीचा लाल मला माहेरासारखा वाटला. महेश सर सांगून सांगून थकले की ताकद पळताना येत नाही, पळताना माणूस झिजतो, ताकद येते ती झोपेत. मी मान डोलावते. सरांच्या घरी त्यांना ताट वाढून मिळत असेल, त्यांना काय सांगू?

सासूबाई दुष्ट नाहीत, दादा. तू त्यांच्यावर रागावलेला आहेस आणि तुझा राग खरा आहे, तरी हे लिहायला हवं. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी दुपारी पाठ टेकलेली मी पाहिली नाही. सासरे गेले तेव्हा तेरावं झालं आणि चौदाव्याला त्या साड्यांच्या घड्या घालायला बसल्या होत्या. आराम हे काम असतं, ते केलं नाही तर बाकीचं सगळं वाया जातं, हे त्यांना कोण आणि कसं पटवणार? मी एकदा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "निजीसन कोणी शर्यत जिकस का?" झोपून कोणी शर्यत जिंकतं का, या प्रश्नावर सगळं घर हसलं. मीही हसले.

मग मी एक युक्ती केली. तू हसशील. तुझ्या मेहुण्यांना सांगितलं की सरांनी यापुढे हिरवे चौकोन बंद केले, आता हलकं चालणं असतं, ते पिवळ्यात धरा. त्यांनी रंगवून टाकलं. आणि त्या दिवशी मी पहाटे बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन, सगळ्यांच्या देखत बाहेर पडते, मागच्या गल्लीत वळते आणि मालतीबाईंच्या खोलीत जाऊन झोपते.

खरंच. त्यांच्या चटईवर, लेसच्या गठ्ठ्याला उशी करून. घड्याळाचं काय, तर ते मालतीबाई स्वतःच्या हातात बांधतात. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तू निज माय, मी भाजी लई येस." आणि घड्याळ घालून भाजी आणायला बाजारात गेल्या. रात्री तुझे मेहुणे खूश. मोबाइल दाखवून म्हणाले, "आज चाल चांगली होती, मधेमधे थांबलीस तेवढं सोडलं तर." थांबल्या असतील वांग्यांचा भाव करायला. एकदा तर म्हणाले, तुझं हृदय आता पहिल्यापेक्षा शांत चालतं. मालतीबाईंचं साठीतलं हृदय ते! मी पदर तोंडात कोंबून बसले होते.

हसणं इथे संपलं.

मी मागे फोनवर वहिनीला म्हटलं होतं की सायकलवरून जराशी पडले, कोपर खरचटलं. पडले हे खरं आहे. पण चाक घसरून नव्हे. तो लाल दिवस होता, त्याच्या आदल्या दिवशी घरात बारा पाहुणे होते. इच्छापोरच्या पुढे हजीऱ्याच्या रस्त्यावर उजेड नुकता झाला होता आणि मी सायकल चालवता चालवता झोपले. डोळे उघडले तेव्हा मी रस्त्याच्या कडेच्या मातीत होते आणि मागच्या ट्रकचं चाक मला दिसत होतं. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला होता. तो खाली उतरला, आधी मला पाणी दिलं, मग मनसोक्त शिव्या दिल्या. मला त्या शिव्यांचा राग आला नाही. मला एवढंच वाटत होतं की याच्या ट्रकच्या सावलीत थोडं पडून राहता आलं तर बरं.

हे मी घरात सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही नाही. डाव्या पायाची नडगी धावताना दुखत होती, म्हणून पर्वत पाटियाच्या एका डॉक्टरकडे एकटीच गेले. त्यांनी फोटो काढला, लाइटसमोर धरला. हाडाला बारीक दुखापत सुरू झाली आहे, म्हणाले. "बेन, हमणां आराम करशो तो दोडशो. नहीं करो तो हाडकुं तूटशे." आता आराम केलात तर धावाल, नाही तर हाड मोडेल, याहून साधं कुणी काय सांगणार?

सांगायला तोंड उघडलं की काय होईल ते मला ठाऊक आहे. तुझे मेहुणे घाबरतील, जीव लावतात मला. शर्यत बंद म्हणतील, सायकल विकतील, फलक उतरवतील आणि उद्यापासून मी पहाटे कुठेच जाणार नाही. रोज हिरवा दिवस. न सांगावं तर हाड मोडेल. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं आहे, आणि या विहिरीत तुझा डबाही पाठीला नाही. दादा, मला शर्यत सोडायची नाही. पाण्यात डोकं घातलं की मला कुणाची हाक ऐकू येत नाही. लग्नानंतर माझं म्हणून मला तेवढंच मिळालंय. ते दुसऱ्या कुणी नाही, मीच मिळवलंय.

आता पुढचा महिना ऐक. शर्यतीआधीचे तीन आठवडे सरांनी जवळजवळ सगळे आरामाचे ठेवलेत. एवढा आराम झाला तर पाय भरून येईल, असं डॉक्टरही म्हणाले. पण सरांनी नवा कागद या खेपेला तुझ्या मेहुण्यांच्याच हातात दिला, आणि त्यांनी तो इमानदारीनं रंगवला. फ्रिज नुसता शेतासारखा हिरवा झालाय. सासूबाईंनी तो बघून उडीद, ज्वारी, सगळं आणून ठेवलं. पापड, कुरडया, बिबड्या, शेवया, सगळं माझ्या मोकळ्या दिवसांत. त्यात नणंद सुवर्णा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरपणाला येतेय, मुलांना घेऊन. सासूबाईंनी आत्ताच बजावलंय, "ती माहेरले आराम कराले येस, तिले काम सांगू नको." सुवर्णा गोड आहे, वर्षभर सासरी राबते, तिनं आराम करायलाच हवा. मी गॅलरीत तिच्यासाठी झोका बांधायचा दोर आणलाय.

आणि मालतीबाई लेक येणार म्हणून खोलीला कुलूप लावून महिनाभर गावाला चालल्या आहेत. माझी चटईही गेली.

तेव्हा आता जे मागायला हे पत्र लिहायला घेतलं ते मागते. चार पानं झाली तरी हात तिकडे वळत नव्हता.

दादा, आखाजीला मला न्यायला ये. मुराळी होऊन ये.

पाच वर्षांपूर्वी तू आला होतास आणि तुला ओट्यावरून परत पाठवलं, घरात काम आहे म्हणून. मी मागे मोरीत भांडी घासत होते, तू आल्याचं मला कुणी सांगितलंच नाही. लाडवांचा डबा दिसला तेव्हा तुझी गाडी नंदुरबारच्या पुढे गेली होती. या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, असं तू वहिनीला म्हणालास ते माझ्यापर्यंत आलं. तू शब्दाचा पक्का आहेस. मी पाच आखाज्या काही बोलले नाही.

पायरी चढू नकोस. खाली रस्त्यावर उभा राहा आणि तिथूनच हाक मार. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी मी आणि चिमी पिशवी भरून दारातच बसू. या वेळी मी मोरीत नसेन. कामाचं नाव निघालं तर डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं तुझ्यासमोर, सुवर्णासमोर मोठ्यानं सांगणार आहे. भाऊ खाली उभा असला की मला ते बोलता येईल. एकटीला जमत नाही. किती वेळा घोकून पाहिलं, जमत नाही.

तू म्हणशील, नव्वद किलोमीटर सायकल मारणारीला न्यायला माणूस कशाला हवा? खरं आहे. मनात आणलं तर मी दोन दिवसांत सायकलवर गावात येईन, फलकवाले त्याचाही फोटो काढतील. पण मला माझ्या पायानं यायचं नाही, दादा. मला कुणीतरी न्यायला यायला हवंय.

आलास तर वहिनीला सांग, खापरावरच्या पोळ्यांचा घाट घालू नको, भाकरी चालेल. आणि तू दरवर्षीसारखा माझ्यासाठी म्हणून निंबाला झोका बांधत असशील, मला माहीत आहे, मी येत नसले तरी बांधतोस. यंदा झोका बांधू नकोस. त्याच्या खाली नुसती खाट टाक.

तुझी दमलेली,
नूतन