कंदीलवाली भुतं

आई, तुझी कंदीलवाली भुतं परत आलीत. मी तुझ्यासमोर खेळायचे, त्या गेमचा नवा भाग निघालाय आणि गेल्या रविवारी मी वारज्याच्या घरात तो लावून बसले होते. स्मशानाचं फाटक उघडलं, धुक्यातून आधी नुसता कंदील हलत आला आणि त्यामागे फाटक्या झग्यातलं ते भूत. चित्र आता इतकं स्वच्छ झालंय, की झग्याची शिवणसुद्धा दिसते. मला पहिल्यांदा तुझंच बोलणं आठवलं, की हे भूत आहे का सोसायटीचा वॉचमन.

तेव्हा बिबवेवाडीच्या हॉलमध्ये मी सतरंजीवर, हातात रिमोट, आणि तू खुर्चीत मेथी निवडत. कॉलेजच्या फी घ्यायच्या खिडकीवर दिवसभर डोकं शिणवून आलीस, तरी चहा घेऊन तिथेच बसायचीस. गेममधलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, पण भुतांच्या बाबतीत तुझी मतं ठाम. पाय उलटे नाहीत म्हणजे भूत बोगस. भिंतीतून आरपार जाता येतं, मग फाटकापाशी कशाला ताटकळतंय? भूत मेलं की त्याचा आत्मा निळ्या ज्योतीसारखा वर तरंगायचा, तो बाटलीत भरून ठेवायचा आणि पुढे जखमी झालं की औषध म्हणून प्यायचा. हे पहिल्यांदा बघितलंस तेव्हा मेथीची जुडी खाली ठेवलीस. "जाऊ दे त्याला. बाटलीत काय भरतेस, लोणचं आहे का ते?" झालं! तेव्हापासून आपल्या घरात एकही आत्मा बाटलीत गेला नाही आणि माझा हीरो औषधावाचून पटापट मरायला लागला. मी तलवार उपसली की तू म्हणायचीस, आधी विचार तरी, काम काय आहे. खिडकीशी कुणी उगीच येत नाही.

सगळ्यात मोठं भूत फाटकापाशी येऊन उभं राहिलं आणि त्याच आठवड्यात तुला ॲडमिट करावं लागलं. रिक्षात बसताना मी म्हटलं, तू येईपर्यंत मी त्याला हात लावत नाही. "माझ्यासाठी अडून बसू नकोस," एवढंच म्हणालीस. ते तुझं नेहमीचंच होतं. तुला यायला उशीर झाला आणि आम्ही जेवायचे थांबलो, तर कौतुक राहिलं बाजूला, तू चिडायचीस. वाढून घ्या म्हणून सांगितलं होतं ना?

दहाव्याला ओंकारेश्वरापाशी पिंड ठेवला. कावळे भिंतीवर होते, पण एकही शिवेना. तुझी काहीतरी इच्छा राहिली असणार, म्हणून जो तो पुढे होऊन शब्द द्यायला लागला. मामा म्हणाला, ताई, पोरीचं सगळं मी बघीन. बाबांनी हात जोडून काय म्हटलं ते ऐकूच आलं नाही. मग एक कावळा उड्या मारत पिंडाच्या अगदी जवळ आला. मी मनातल्या मनात म्हटलं, आई, त्या भुताला मी तुझ्याशिवाय कधीच मारणार नाही, मी तिथेच थांबेन. तो कावळा उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तुझं काय राहून गेलं असेल, या विचाराने मला इतकी वर्षं छळलंय गं.

नव्या भागात भुतांशी बोलता येतं. हस आता. तलवार न उपसता समोर उभं राहिलं की ती आपणहून सांगतात. शेवटी गेम बनवणाऱ्या लोकांनाही तुझंच पटलं म्हणायचं. रविवारी त्या फाटकापाशीच्या भुताला मी विचारलं, काय राहिलंय तुझं? ते म्हणालं, माझं काही नाही, घरचे दिवा लावून वाट बघत बसलेत, म्हणून मला जाता येत नाही. मी रिमोट खाली ठेवला. मला तो कावळा दिसला. तुझं काहीच राहिलं नव्हतं, आई. अडून बसले होते ती मी.

मग माळ्यावरून आपलं गेमचं जुनं मशीन काढलं. वायर खरखरत होती, पण लागलं. ते जुनं भूत तसंच उभं. हे बिचारं बोलणाऱ्यातलं नाही, तरी मी आधी विचारलंच, काय काम आहे? त्याने कंदील डोक्यात घातला. बऱ्याच वेळा मेले, मग जमलं. निळी ज्योत वर आली. बाटली रिकामीच होती, पण मी काढली नाही. हळूहळू दिसेनाशी होईपर्यंत बघत बसले. खूप रडले आणि बरं वाटलं.

हे पत्र काही कुठल्या खिडकीवर द्यायचं नाहीये, म्हणून सांगून टाकते. शेवटी पडद्यावर विचारतात ना, इथपर्यंतचा खेळ सेव्ह करायचा का? मी नाही म्हटलं. म्हणजे मारलेलं पुसलं गेलं आणि ते भूत पुन्हा फाटकापाशी उभं आहे. चिडू नकोस.