बाजूच्या सीटचा ब्रेक

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकून कोण घेतंय. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस. तिसऱ्याला तुझा विनोद तयार असतो. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

इकडची हालहवाल अशी. मार्चमध्ये मी निवृत्त होते. प्रयोगशाळेतली माझी खोली कोणाला द्यायची याची कुजबुज आत्ताच सुरू झाली आहे. मी जिन्यावर दिसले की ती थांबते. संचालक परवा येऊन विचारून गेले, "निरोपाला काय भेट देऊ?" मी म्हटलं, "चालणारा फ्रीज." ते हसले. मी विनोद केला नव्हता. आमची थंड खोली महिन्यात दुसऱ्यांदा बंद पडली आणि दोन आठवड्यांचं प्रथिन नासलं. ते पुन्हा करायचं म्हणजे ते प्रथिन बनवणारे जंतू वाढवा, फोडा, गाळा, शुद्ध करा, मग थेंबाथेंबाने मांडून ठेवा आणि स्फटिक धरतात का बघत बसा. एकेकाळी अशा वेळी मी रागाने कामाला लागत असे. परवा स्टुलावर नुसती बसून राहिले.

मुंगी मात्र लागली कामाला. मुंगी म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी. स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलते आणि चकार शब्द काढत नाही, म्हणून मी ठेवलेलं नाव. तिला ते ठाऊक आहे. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. हे पत्राच्या शेवटी लिहायचं ठरवलं होतं, पण आता लिहूनच टाकते. ती म्हणाली, "वन्सं, यांना तुम्हीच समजवा. डॉक्टर म्हणतात, गाठ अजून आतड्यातच आहे, आत्ता काढली तर निभावेल. आणि हे त्यांनाच सांगतात, सुरी राहू द्या बाजूला, माझ्या बहिणीचं औषध येतंय." वर म्हणे त्यांनाच विचारलंस, तुमची बहीण काय करते. ती बिचारी रडत होती, पण हे सांगताना तिलाही हसू आलं. मला आलं नाही.

गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तू क्लच सोडायला शिकवतानाच माझी कीर्ती ऐकवतोस, हे मला वर्षानुवर्षं माहीत आहे. मी तुला कधी थांबवलं नाही. सबंध जगात माझ्या कामाचा अभिमान वाटणारा माणूस एकच, त्याला कसं थांबवणार? तर आता ऐक. तीसेक वर्षांत माझ्या हातून एकही गोळी औषधाच्या दुकानात पोचलेली नाही. आम्ही प्रथिनाचा आकार शोधतो. त्यात एखादा कप्पा सापडला, तर त्यात बसेल असा रेणू शोधतो. त्याच्या पुढे उंदीर, मग माणसं, मग परवानग्या. दहा वर्षं लागली तरी लवकर झालं म्हणायचं. बहुतेक रेणू वाटेतच मरतात. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, जेव्हा उन्हाळ्यात तुला फोन करून मी म्हटलं होतं, "बसलं रे."

तू विचारलंस, "म्हणजे झालं?" मी "झालंच समज" म्हणाले. मी, जी विद्यार्थ्यांना 'बहुतेक' शब्दही पुराव्याशिवाय वापरू देत नाही.

आणि ते बसलंही नव्हतं.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की आम्हाला फोटो मिळत नाही, एक ढग मिळतो. त्या ढगात कोणता रेणू आहे ते आपण जुळवून बघायचं. ढगात ज्याला हत्ती हवा असतो त्याला सोंड दिसतेच. म्हणून आमच्यात नियम आहे: आधी औषध न घातलेला कोरा स्फटिक बघायचा, मग औषधाचा. हा नियम माझ्या खोलीच्या दारावर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. तुझा रिपोर्ट आला त्या आठवड्यात कोरा स्फटिक बघायची मी वाट पाहिली नाही. पुष्कळ गाठींत हेच प्रथिन बिघडतं, तुझ्याही. मला घाई झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला औषध कोणासाठी तरी हवं होतं.

गेल्या सोमवारी मुंगी दारात उभी राहिली. "मॅडम, रागावणार नाही ना?"

"ते तू काय केलंयस त्यावर."

"कोरा स्फटिक केला. त्या कप्प्यात तोच ढग आहे."

"औषध न घालता?"

"न घालता. स्फटिक गोठवताना तडकू नये म्हणून आपण जे ग्लिसरीन घालतो ना, तेच जाऊन बसलंय."

मी तिला म्हटलं, "शाबास." मग खाली जाऊन चहा घेतला आणि तो न पिता परत आले. त्याच सोमवारी तुला फोन करायला हवा होता. आज रविवार.

तू नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय सांगतोस ते मी मागच्या सीटवर बसून ऐकलंय: "घाबरू नका, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे." तुला वाटतंय, या वेळी बाजूच्या सीटवर ताई आहे. आहे. पण माझ्या पायाखाली ब्रेक नाही, ठोंब्या. तो त्या सर्जनच्या हातात आहे. तू वाट बघत बसलास तर मी नुसती शेजारी बसून बघत राहीन, आणि ते मला जमणार नाही.

हे पत्र मिळताच डॉक्टरांना फोन कर आणि ऑपरेशनची तारीख घे. विनोद न करता. मी मुंगीला सांगितलंय की मी रजेवर जाते आहे, तर ती घाबरली, मॅडमना काय झालं म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोचते. खोली आवरून ठेवायला बायकोला सांगू नकोस, मी सोफ्यावर झोपेन.

माझी कीर्ती गाडीत सांगायची असेल तर एवढंच सांग, की तिने मला वेळेवर ऑपरेशनला पाठवलं. तेवढं तरी खरं कर.

तुझ्या बाजूच्या सीटवरून,
ताई