भाडेकरूसकट फ्लॅट

४ एप्रिल
फ्लॅट माझा झाला. कावागुची स्टेशनपासून चालत अकरा मिनिटं, तिसरा मजला, एक खोली, वीस चौरस मीटर. कर्ज तीस वर्षांचं. भाडेकरू आतच होता, त्याच्यासकट घेतला. म्हणजे घर रिकामं राहण्याचा धोका नाही. महिन्याला माझा वेळ: शून्य तास.
भाडेकरू कुसुमोतो-सान. एकटेच असतात, वय ८१. एजंट मिझोगुचीने वय जरा हळू आवाजात सांगितलं. मी ते फायद्याच्या रकान्यात घातलं. या वयात माणूस घर बदलत नाही.

१९ एप्रिल
एक धोका तक्त्यात राहून गेला होता. माणूस घरात एकटा असताना गेला आणि आठ-दहा दिवस कुणाला कळलंच नाही, तर ते पुढच्या भाडेकरूला सांगावं लागतं. भाडं निम्म्यावर येतं. तेही कुणी आलं तर.
उपाय सोपा. चालू केली की माझ्या फोनवर संदेश पाठवणारी केटली. स्वतः नेऊन दिली. कुसुमोतो-सान बराच वेळ तिच्याकडे बघत होते.
"म्हणजे मालकीणबाई, चहा नाही प्यायलो तर मी मेलो?"
तांत्रिकदृष्ट्या तसं नाही, असं सांगितलं.
"मग कॉफी चालेल ना?"

११ मे
रोज ५:४० ला पहिला संदेश. फरक दोन-तीन मिनिटांचा. बघायला तीन सेकंद, महिन्याला दीड मिनिट. हा वेळ शून्यच धरायचा.

२४ जून, सकाळी ७:१०
संदेश नाही.

२४ जून, सकाळी ८:२५
ट्रेनने पन्नास मिनिटं, पुढे पळत. दार त्यांनीच उघडलं. उकडायला लागलं म्हणून जवाचा चहा कालच करून फ्रिजमध्ये ठेवला होता. मलाही पेलाभर दिला. माझा अवतार बघून म्हणाले, तब्येत दाखवून घ्या.
अर्ध्या दिवसाची रजा गेली. चूक ऋतूची, यंत्रणेची नाही. फ्रिजच्या दाराला सेन्सर लावायचा.

७ ऑगस्ट
सेन्सर लावला. छताचा दिवाही बदलला. त्यांना स्टुलावर चढू देणं धोक्याचं. नंतर शोगीचे, म्हणजे जपानी बुद्धिबळाचे, दोन डाव मी हरले. ही करमणूक नव्हे, देखभाल. यापुढे महिन्यातून एकदाच जायचं.

१२ ऑगस्ट
नळ गळत होता. डाव तीन.

९ सप्टेंबर
आमच्या कंपनीच्या सेंदाई शहरातल्या कंपन-चाचणी प्रयोगशाळेसाठी माझी निवड झाली. तीन वर्षं अर्ज करत होते. डिसेंबरात रुजू व्हायचं. तिथून इथली देखभाल होणार नाही. ठराव: ऑक्टोबरअखेर फ्लॅट विकायचा.

१५ सप्टेंबर
मिझोगुची म्हणाला, आत एक्याऐंशीचा माणूस आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक फोनच ठेवतं. जो कुणी घेईल त्याच्या पैशांत कर्जही फिटणार नाही. त्यांना निघा म्हणायला कायद्याने कारण लागतं आणि माझ्याकडे ते नाही. शिवाय या वयात त्यांना दुसरं घर कोण देणार?
"तुम्ही कसं घेतलंत हो हे?" त्याने विचारलं. विकणारा तोच होता.

२८ सप्टेंबर
कुसुमोतो-सानना नातेवाइकांबद्दल विचारलं. एक मुलगा आहे. नंबर लगेच पाठ म्हणून दाखवला. मी बाहेर जिन्यात जाऊन लावला. तो नंबर आता वापरात नाही. आत येऊन म्हटलं, कुणी उचलत नाही. ते म्हणाले, कामात असेल.

५ ऑक्टोबर
त्यांना सेंदाईचं सांगितलं.
"जा की," ते म्हणाले. "केटलीला काय, कावागुची काय नि सेंदाई काय."
बरोबर आहे. संदेश तिथेही तेवढ्याच वेळात पोहोचतो. मी पोहोचायला मात्र दोन तास चाळीस मिनिटं.

१४ ऑक्टोबर
सेंदाईला नकार कळवला. कारणाच्या जागी तिथली थंडी लिहिली. ते खोटं नाही, सरासरी तापमान कमीच आहे. साहेबांनी दोनदा विचारलं. माझ्या जागी टीममधला सर्वात नवा मुलगा जातोय. त्याला कंपनांतलं काही कळत नाही.

१८ नोव्हेंबर
कुसुमोतो-सान ३०२ मध्ये. समोरची ३०४ रिकामी झाली. मी भाड्याने घेतेय. मला मिळणाऱ्या भाड्यापेक्षा ते तीन हजार येन जास्त आहे, पण दारापासून दारापर्यंत नऊ सेकंद. इथे यायचं ट्रेनभाडं वाचेल. एकूण हिशेबात हा निर्णय योग्य.
मिझोगुचीच्या ऑफिसात अर्ज भरला. अडीअडचणीला कुणाला कळवायचं, या रकान्यात कुसुमोतो-सानचं नाव घातलं. नातं: शेजारी.
मिझोगुचीने वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. एवढं वय चालत नाही म्हणाला.
"दुसरं कुणाचं तरी द्या. कुणीही चालेल."
उद्या कळवते म्हणाले.