मागचं दार

शनिवार, संध्याकाळ

दोन्ही हातांनी ओढला, पाय बंपरला लावून ओढला, तरी स्टँड हलला नाही. व्हॅनच्या मागे सायकल आणि स्टेपनी लटकवायला विनूने, माझ्या धाकट्या भावाने, बसवून घेतलेला. फाटकासारखा बाजूला वळतो, मग मागचं दार उघडतं, असं त्यानेच मला दाखवलं होतं. आता त्याच्या बिजागरीवर वेल्डिंगचा टाका आहे.

"खडखड करून राह्यला होता ताई. राजुऱ्यापर्यंत डोकं खाल्लं. म्हणून वेल्डरले म्हटलं, दे टाका मारून."

"आणि बाबांची चाकाची खुर्ची?"

"उचलून बसवू ना समोर. वजन तरी किती राह्यलं त्याइचं."

हसला. बाबा घरात खिडकीपाशीच होते, ऐकत.

पक्षाघातानंतर बाबांची एकच अट आहे, त्यांना कोणी उचलायचं नाही. म्हणून तर मागच्या दाराला फळी केली, खुर्चीसकट चढता यावं म्हणून. विनूला हे माहीत नाही? की माहीत असून खडखड मोठी वाटली? एक टाका. आणि ती सायकल तरी कोण चालवतं त्याच्या घरी?

मी त्याला नको नको ते बोलले. परत बोलेन. उद्या वरोऱ्याला आत्याकडे जायचं म्हणून बाबांनी आज दुपारीच दाढी करून घेतली होती.

रविवार, सकाळ. विनूने ग्राइंडर आणून टाका कापला. स्टँड वळला, दार उघडलं, मी फळी लावली. बाबा म्हणाले, "तुमीच जाऊन या."