साक्षीआधीचा कौल

११ जानेवारी १९९९
वकिलीची सनद मिळाल्यावरची पहिली स्वतंत्र केस! सगुणा, लांजाजवळच्या गावातली विधवा. दीर गंगाराम म्हणतो, ही माझ्या भावाची लग्नाची बायकोच नव्हे, घर सोड. कागद नाही, फोटो नाही. गंगाराम सोडला तर लग्नातला एकच माणूस हयात आहे: चुलत सासरे भागोजी, त्यांनी अंतरपाट धरलेला. ते बोलले तर घर राहील. नाहीतर बाई रस्त्यावर.

अम्मी म्हणते, "नबीला, वकिलाला जीभ लागते, ती तुला भरपूर आहे!" माझे सिनियर म्हणतात, कान लागतात. बघू.

२ फेब्रुवारी
भागोजी साक्षीआधी ग्रामदेवतेला कौल लावणार म्हणे! देवाला फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी हसले. सर नाही हसले. "त्यांचं मोठं कोर्ट तिकडे आहे. आधी जाऊन भेटायला हवं होतंस."

सगुणा म्हणाली, "डावा पडला तर त्यांना नको इचारू, बाय. म्हातारा देवाला लय भितो."

नको इचारू! मग काय माझ्या अम्मीला साक्षीला आणू?

९ फेब्रुवारी
डावं पडलं.

१० फेब्रुवारी
भागोजी पिंजऱ्यात. "मना काय आठवत न्हाय." मागे गंगाराम मिशीत हसतोय. साक्षीदार फितूर झाला, उलटतपासणीची परवानगी मागितली. मिळाली. विचारू काय? एकदम सुचलं —

"काका, कौल लावताना देवाला काय विचारलंत?"

देवापुढचं बोलणं म्हातारा खोटं कसं सांगणार? "इचारलां, सगुणाच्या लग्नात अंतरपाट मी धरलेला, तां कोरटात सांगू काय?"

न्यायाधीशांनी शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. जिंकले! भागोजी कठडा सोडेनात. "माज्याकडनं बोलवलंस गो... देव मना सोडायचा न्हाय." मी फाईल बांधत होते.

२८ एप्रिल
निकाल आपल्या बाजूने! सर म्हणाले, "आता वकील झालीस." अम्मीने शेजारीपाजारी पेढे वाटले.

६ मे
भागोजींनी अन्न टाकलंय. देवाचा शब्द मोडला म्हणतात. सगुणा रोज पेज घेऊन जाते, ते तोंड फिरवतात. मी जाऊन समजूत घालते म्हटलं तर ती दोन पावलं मागे सरली. माझी भीती वाटते का तिला? मला मात्र माझीच वाटायला लागली आहे.

१९ मे
भागोजी काल गेले. सगुणा येऊन घराची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेली. "गंगारामाला दे. मी म्हटलेलां, नको इचारू."