बाबांची सही

हॅनकॉक, मिशिगन
९ नोव्हेंबर २०४४

प्रिय रेनो,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. इकडे गुडघाभर बर्फ पडलाय आणि माझे गुडघे कुरकुरतायत. बाकी ठीक.

गेल्या आठवड्यात रविवारी दहा वर्षांनी तुझा फोन आला. आधी माझ्या वेलदोड्याच्या पावाची चौकशी केलीस, तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे. "ताई, यंत्राचा फोन येईल. काही आठवत नाही म्हण, बस." मी म्हटलं, बघते.

मंगळवारी तो आला. पूर्वी कंपनी विकत घ्यायची तर सुटाबुटातले वकील महिनोन्महिने कागद चाळायचे. आता यंत्र तीन दिवसांत तीस वर्षांची दप्तरं वाचतं आणि शंका आली की कागदावरच्या माणसालाच फोन लावतं. तुझी शिकागोची कंपनी घ्यायला निघालेल्यांचं यंत्र फार अदबीनं बोललं.

"आयलाबाई, उत्तर द्यायची सक्ती नाही."

"विचारा हो. तेरा वर्षांत कुणी विचारलंच नाही."

"२०३१ साली तुमच्या वडिलांचा सौना-स्नानाच्या शेगड्यांचा कारखाना या कंपनीनं घेतला. विक्रीच्या कागदावर त्यांचीच सही आहे का?"

रेनो, अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा त्यांना सहा आठवडे झाले होते. चमचा धरवत नव्हता हाताला. मी भरवत होते, आणि तू शेजारच्या खोलीत त्यांची सही गिरवत बसला होतास. शिकागोवाल्यांनी तुला संचालकाची खुर्ची दिली आणि चार महिन्यांत कारखान्याला कुलूप ठोकलं. एक्केचाळीस माणसं रस्त्यावर. साच्यांत लोखंड ओतणारा आपला तोइवो शाळेची फरशी पुसायला लागला. बाबा रोज खिडकीशी बसून विचारायचे, "आज धूर का नाही गं?" मी म्हणायचे, सुट्टी आहे. सुट्टी ऐकत ऐकतच गेले.

"नाही," मी यंत्राला म्हटलं. "ती माझ्या भावाची सही आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

हेच कुणी विचारू नये म्हणून मी इतकी वर्षं गप्प होते. तुला वाचवायला नाही.

"खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे," मी म्हटलं. "त्यानं शपथ घेतली होती, कारखाना चालूच राहील म्हणून."

बुधवारी सौदा मोडला, ते तुला माझ्याआधी कळलं असेल. मी अख्खा पाव भाजून तोइवोकडे नेला, सगळं सांगितलं. त्यानं कॉफी ओतली आणि एवढंच म्हणाला, "फार उशीर केलास, आयला."

खरं आहे. पण केलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंद झाला. तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणून बराच वेळ हसत बसले.

काल सरकारी वकिलाचं पत्र आलं. आपल्या दोघांनाही बोलावलंय. माझ्या वाट्याचं मी कबूल करणार आहे, तेव्हा "आठवत नाही" तुझ्याही कामाचं नाही. कोर्ट इथल्याच जिल्ह्याचं आहे. जाड कोट आण. शिकागोतल्या तुझ्या पातळ बुटांनी इथं निभायचं नाही.

वाट पाहतेय. इतक्या मनापासून तुझी वाट कधी पाहिली नव्हती.

तुझी सख्खी बहीण,
आयला कोस्केला